रविवारची पिशवी

लातूरच्या त्या गल्लीत दुपारी बाराच्या सुमाराला सगळ्या कुकरांच्या शिट्ट्या एकदमच सुरू व्हायच्या. सकाळचे क्लास सुटायची वेळ तीच, पोरं भुकेनं कावलेली परत यायची, म्हणून प्रत्येक खोलीतली आई त्याच सुमाराला डाळ चढवायची. वर, खाली, समोरच्या इमारतीत नुसता कल्ला. घरमालकानं एका घराच्या इतक्या खोल्या पाडल्या होत्या की नवीन भाडेकरू जिना सोडून भलतीकडेच शिरायचा. प्रत्येक खोलीत एक आई आणि एक लेकरू. बाप गावाकडे. कुणी शिरूर अनंतपाळचं, कुणी थेट लोह्याहून आलेलं, आणि आम्ही जळकोटाकडचे. लेकराला डॉक्टर करायचं म्हणून चांगल्या चालत्या संसाराचे असे दोन तुकडे करायचे, हे आमच्याकडं इतकं सरळ धरलं जातं की कुणाला त्याचं नवल वाटत नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं, आणि रागही येतो, पण तो कुणावर काढावा ते कळत नाही.

आमची खोली म्हणजे एक खिडकी, एक मोरी, माझं टेबल आणि टेबलाच्या पायाशी आईचा स्वयंपाक. मी पुस्तकात मान घालून बसलेली आणि खाली आई भाकरी थापून राहिलेली, हे चित्र दोन वर्षं बदललं नाही. भाकरीचा थपथप आवाज मला इतका अंगवळणी पडला होता की तो थांबला की माझं लक्ष उडायचं. जेवण झाल्यावर वाचायला बसलं की मला हटकून जांभई यायची. आईची पाठ माझ्याकडे असली तरी तिला कशी कळायची देव जाणे. माझ्या तोंडाचा आ होतोय न होतोय तोच ती चुटकी वाजवायची, पिठाच्या बोटांनीसुद्धा. आमच्या घरात जांभई आली की चुटकी वाजवायचीच. का, ते कुणी सांगत नाही. मी म्हणायचे, “आई, झोप तर येतेच की चुटकी वाजवून.” ती म्हणायची, “येऊ दे. तोंड मिट अन् वाच.”

खाणं मात्र राजेशाही. भाजक्या धान्या-मसाल्याच्या पिठाचं येसर घालून केलेली आमटी, तिच्यात भाकरी कुस्करून, वर शेंगदाण्याच्या चटणीवर तेल. परीक्षा जवळ आली की धपाटे. शेजारच्या खोलीत लोह्याची मावशी होती, तिचा मुलगा माझ्याच क्लासात. मावशी रोज आमच्या दारात येऊन वास घ्यायची आणि म्हणायची, “वैनी, तुमच्या आमटीचं येसर गावाकडचं दिसतंय.” गावाकडचंच होतं. ते यायचं रविवारच्या पिशवीतून.

ही पिशवी म्हणजे आमच्या घरचं मोठं प्रकरण. दर रविवारी दुपारी अप्पा गावच्या फाट्यावर एसटी थांबवून ड्रायव्हरजवळ एक खाकी पिशवी द्यायचे. संध्याकाळी ती गाडी लातूरच्या स्टँडवर लागायची आणि आई ती उतरवून घ्यायची. तिच्यात ज्वारी, तुरीची डाळ, वांगी असली तर वांगी, शेंगा असल्या तर शेंगा. आणि तळाशी घडी घातलेला अप्पांचा एक सदरा. त्याचं बटन लावायचं असायचं. आई आदल्या आठवड्याची रिकामी पिशवी, त्यात चटणीचा डबा आणि बटन लावलेला आदल्या आठवड्याचा सदरा घालून त्याच गाडीत परत चढवायची. अप्पांचा आणि तिचा फोनही व्हायचा, पण तो ऐकण्यासारखा नसायचा. “म्हैस दूध देती का?” “देती.” “बोअरला पाणी हाय का?” “हाय.” “मग ठेवू?” “ठेव.” झालं. नवरा-बायको दोन दोन महिने एकमेकांना बघत नव्हते आणि म्हशीची चौकशी करत होते.

सुरुवातीला मी आईबरोबर स्टँडवर जायचे. पिशवी घेतली की तिनं परतावं ना, तर नाही. गाडी धुळीत वळेपर्यंत, कंडक्टर ‘जळकोट, जळकोट’ ओरडेपर्यंत, माणसं चढेपर्यंत ती पिशवी कडेला घेऊन उभीच. गाडी फाटकाबाहेर गेली की मग म्हणायची, “चल.” मला वाटायचं, गावचं कुणी ओळखीचं दिसतंय का ते बघते. मला वैताग यायचा. मग मी जाणंच सोडलं.

सोडलं त्याचं आणखी एक कारण म्हणजे गिरणी. गल्लीच्या तोंडाशी पूर्वी पिठाची गिरणी होती. मुजीबभाईच्या वडिलांची. मुजीबभाईनं इंजिनिअरिंग अर्ध्यात टाकून तिथं कॅफे काढला, भिंती रंगवल्या, बाकडी मांडली, पण पोरं त्याला गिरणीच म्हणायची, आणि पावसाळी हवेत आत खरंच पिठाचा वास यायचा. तिथं कोल्ड कॉफी आणि मॅगी मिळायची. आणि दर रविवारी संध्याकाळी, क्लासला सुट्टी म्हणून, पोएट्री स्लॅम. दारावर कागद लावलेला असायचा: ज्याला यायचं त्यानं यावं, तीन मिनिटं बोलावं, ऐकणाऱ्यांनी बोटं वर करून मार्क द्यावेत. टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती आणि टाळ्या झाल्या की वरची पोरं जिन्यात येऊन शिव्या घालायची. म्हणून आवडलं की चुटक्या वाजवायच्या. आत शिरणाऱ्यासाठी मुजीबभाईचा एक कायदा होता. स्लॅम चालू असताना जो उंबरा ओलांडेल त्यानं काहीतरी बोलल्याशिवाय जायचं नाही. दूधवाला आला तर दूधवाल्यानंही.

तिथं काय काय ऐकलं मी! फिजिक्सवर रुसलेली पोरं, कुणाच्या डोळ्यांवर मेलेली पोरं, एका निलंग्याच्या मुलीची अर्धी मराठी अर्धी कानडी कविता, जिच्यातलं मला निम्मं कळायचं नाही आणि तरी अंगावर काटा यायचा. दिवसभर आम्ही सगळे मार्कांच्या मागं लागलेले, तिथं तासभर मार्क गमतीचे असायचे. मी स्लॅम सुरू व्हायच्या आधीच आत जाऊन बरेच रविवार नुसती ऐकत बसले. आईला सांगितलं होतं की मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते.

मग निकाल लागला. माझे मार्क कमी पडले, फार नाही, पण पडले. फोनवर अप्पा म्हणाले, “अजून एक वर्ष बस. काय बिघडत न्हाई.” मामा म्हणाले, बस. क्लासचे सर म्हणाले, बस. मलाही बसायचंच होतं, तेव्हा मी रडून घेतलं आणि नवीन बॅचला नाव घातलं. आई तेव्हा गावाकडे जायचं सामान बांधत होती. दोन वर्षं संपली म्हणून तवा, परात, पोळपाट सगळं पोत्यात भरलं होतं, आणि गावाकडे गेल्यावर घर कसं सारवायचं, कुठल्या भिंतीला चुना द्यायचा हे ती लोह्याच्या मावशीला सांगत होती. तिनं माझं ऐकून घेतलं, पोत्याची सुतळी सोडली आणि तवा परत काढून गॅसवर ठेवला. “भूक लागली असंल,” म्हणाली. आईनं अजून एक वर्ष राहायचं का, हे तिला कुणीच विचारलं नाही. अप्पांनी नाही, मी नाही. ती गावी जाणार का राहणार, हा प्रश्न आहे हेच आमच्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी मी ठरवलं की आज आपणही बोलायचं. खोलीला कुलूप लावलं, किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली आणि गिरणीत गेले. किल्ली एकच होती. एरवी रविवारी ती मी खिडकीच्या कडेला ठेवून जायचे, त्या दिवशी ओळी घोकत निघाल्यामुळं विसरले.

माझी कविता आता मला सगळी आठवत नाही. जी आठवते ती अशी:

या खोलीला एकच खिडकी आहे
आणि तिच्यातून समोरची खिडकी दिसते
तिथंही एक मुलगी बसली आहे
तीही खिडकीकडेच बघते आहे
आम्हा दोघींतली एकच डॉक्टर होणार आहे
आणि हे अजून
दोघींच्या आयांना माहीत नाही

शेवटच्या ओळीला माझा आवाज फाटला, आणि खोलीभर चुटक्या सुरू झाल्या. माझ्यासाठी! कान गरम झाले. मान वर केली तर दारात आई. कडेला खाकी पिशवी, कपाळावर घाम. स्टँडवरून आली, कुलूप बघितलं, मावशीनं सांगितलं की तुमची पोरगी गिरणीत बसून राहिली, म्हणून किल्ली न्यायला आली होती. मला वाटलं, मेले. पण तिचा राग माझ्यावर नव्हताच. ती त्या पोरांकडे बघत होती.

“का रे लेकरांनो,” ती म्हणाली, “जांभया येऊन राहिल्या का तुम्हाला? पोरगी एवढी घसा फोडून बोलून राहिली, अन् तुम्ही चुटक्या वाजवता? येत असंल झोप तर घरी जावं!”

 मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. मुजीबभाई काउंटरमागून धावत आला. “खाला, नाराज नक्को होव. ये दाद है, दाद. ऊपर बच्चे पढते ना, ताली बजाए तो गाली देते.” आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. “हाव, आई. त्यांना आवडलं म्हणून वाजवतेत.”

“असं व्हय?” ती म्हणाली. मग जरा विचार करून, “आवडण्यासारखीच हाय की.” मला ते माझ्या सगळ्या मार्कांपेक्षा गोड लागलं, आज लिहितानाही तसंच लागतं.

ती किल्ली घेऊन निघाली तर मुजीबभाई आडवा. कायदा म्हणजे कायदा, आत आलात, काहीतरी बोला. आई म्हणाली, “मला न्हाई येत बाबा कविता-बिविता.” तो म्हणाला, “कविता नको, खाला. घरचं काही बोला.” पोरं ‘बोला मावशी, बोला’ करायला लागली. मला जमीन फाटून आत जावंसं वाटत होतं. आईनं माझ्याकडे बघून विचारलं, “बोलू का गं?” मी काय म्हणणार? तिनं पिशवी बाकावर ठेवली, पदर नीट केला आणि माइकपासून हातभर लांब उभी राहिली, गॅसचा भडका उडेल म्हणून राहतात तशी.

“मी जळकोटाकडची,” ती म्हणाली. “लेकीला शिकवायला आलेय. आमचे मालक दर रविवारी पिशवी पाठवतेत. जवारी पाठवतेत, डाळ पाठवतेत. अन् एक सदरा पाठवतेत, बटन तुटलेला. म्हणतेत, लावून पाठव. आता मला सांगा, माणूस रानात काम करतो का बटनासंगं कुस्ती धरतो?”

पोरं हसली. आई हसली नाही. तिनं पिशवीत हात घालून सदरा काढला, पांढरा, कॉलरला मळलेला.

“आमच्या घराला लागून शिंप्याचं घर हाय. भिंतीला भिंत. हाक मारली तर सुईदोरा घेऊन येईल. पण न्हाई. सदरा लातूरला.” तिनं घडी मोडली. “अन् बटन तुटलं की कुठं पडतं? ढेकळात पडतं, दावणीत पडतं. सापडतं का कधी? ह्यांचं कधीच हरवत न्हाई. दर बारीला खिशात असतंय.”

तिनं सदऱ्याच्या खिशात दोन बोटं घातली आणि बटन काढून तळहातावर धरलं. कुणी हसलं नाही आता.

“मी लावते. दुहेरी दोऱ्यानं लावते. पुढच्या रविवारी दुसऱ्या सदऱ्याचं तुटलेलं असतंय.” बटन परत खिशात घालून म्हणाली, “झालं. एवढंच.”

चुटक्या वाजल्या नाहीत. त्या मघाशी तिनं बंदच करून टाकल्या होत्या. पंखा तेवढा फिरत होता. निलंग्याची मुलगी ओढणीनं डोळे पुसत होती. मग मुजीबभाई हळू आवाजात म्हणाला, “मुकर्रर.”

“काय म्हणतो हा?” आईनं मला विचारलं.

“परत म्हणा, म्हणतो.”

“परत काय म्हणायचं?” आई सदरा घडी करत म्हणाली. “पुढच्या रविवारी येईलच की परत.”

आणि मग मात्र टाळ्याच झाल्या, वरची पोरं जिन्यात येईपर्यंत.

पिशवीचा एक बंद तिच्या हातात, एक माझ्या, अशा आम्ही गल्लीतून चाललो. संध्याकाळचे कुकर सुरू झाले होते. मी दोन वर्षं ते सदरे दोरीवर वाळताना बघितले होते. इस्त्रीसुद्धा केली होती त्यांना. मी विचारलं, “आई, तुला कधी कळलं?”

“काय?”

“अप्पा मुद्दाम तोडतेत म्हणून.”

“दुसऱ्याच सदऱ्याला.”

“मग त्यांना बोलली का न्हाईस?”

“येडी हाईस का?” ती म्हणाली. “बोलले तर बंद करतील की पाठवायचे.”

तेव्हा मला स्टँडवरची ती आठवली, गाडी वळेपर्यंत पिशवी कडेला घेऊन उभी राहिलेली. ती ओळखीचं माणूस शोधत नव्हती. तिला त्या गाडीत बसायचं होतं. दोन वर्षांतल्या एकेका रविवारी बसायचं होतं.  मी खोलीत आल्या आल्या म्हटलं, “आई, तू घरी जा. मी राहते एकटी.”

मग जे भांडण झालं ते मावशीनं भिंतीपलीकडून पूर्ण ऐकलं. तुला भाकरी कोण देईल? मेस. मेसची भाकरी म्हणजे चामडं. खाईन चामडं. आजारी पडलीस तर? मावशी आहे. मावशीनं भिंतीवर थाप मारून कबुली दिली. आई काही ऐकेना, तेव्हा मी अप्पांना फोन लावला आणि सांगितलं की आई घरी येते म्हणते. अप्पा म्हणाले, “खरंच म्हणती का? दे तिच्याजवळ.” आणि तिला त्यांनी विचारलं, फोनमधून मलाही ऐकू आलं, “तुझ्या मनात काय हाय?”

आई फोन कानाला लावून खिडकीशी उभी होती.  मला वाटलं, आता म्हशीचं विचारते. ती म्हणाली, “ह्या बारीला सदरा पाठवू नका. मीच येऊन लावते.”

पलीकडून काय आलं ते ह्या वेळी मला ऐकू आलं नाही. पण आईनं तोंडाला पदर लावला आणि माझ्याकडे पाठ केली, आणि ती रडत होती का हसत होती हे मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मीच तिला गाडीत बसवलं. खिडकीची जागा मिळाली होती. मांडीवर खाकी पिशवी, पायाशी पोतं. “अभ्यास कर,” म्हणाली. “वेळेवर जेव.” गाडी वळली, कंडक्टर ओरडला, गाडी फाटकाबाहेर गेली, आणि मी तिथंच उभी. कितीतरी वेळ.

ते वर्ष मला फार लांब वाटलं. खोलीत भाकरीचा आवाज नाही, जांभई आली तर चुटकी नाही. रविवारी पिशवी यायची ती मी उतरवून घ्यायचे. आता ती आई भरायची, म्हणून तिच्यात धपाटे असायचे, येसर असायचं, कागदात बांधलेली चटणी असायची, आणि सदरा नसायचा. मी गिरणीत जायचे, बोलायचे, बरं बोलायचे म्हणतात, पण दाराकडे बघितल्याशिवाय माझी कविता सुरू व्हायची नाही.

एका रविवारी राहवलं नाही. माझ्या निळ्या कुर्त्याचं गळ्याजवळचं बटन मी दातानं तोडलं, खिशात घातलं आणि कुर्ता रिकाम्या पिशवीत घालून पाठवून दिला. फोनवर काही बोलले नाही. आईही बोलली नाही. पुढच्या पिशवीत कुर्ता परत आला. तुटलेलं बटन लावलं होतंच, पण तिनं उरलेली सगळीही उसवून नव्यानं लावली होती, दुहेरी दोऱ्यानं, गच्च. खिशात धपाट्याचा वास लागलेली चिल्लर होती, कॉफीपुरती. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. “आता न्हाई तुटायची,” म्हणाली. “वाच मुकाट्यानं.”

डॉक्टर मी झाले नाही. दुसऱ्यांदाही मार्क कमी पडले, मग नांदेडला येऊन मराठी घेतलं, आणि आता इथंच शिकवते. त्याचं कुणाला वाईट वाटलं असेल तर ते मला दिसू दिलं नाही. गिरणी बंद झाली. मुजीबभाई कुठं आहे, माहीत नाही. तो कुर्ता मात्र माझ्याकडे आहे. अंगात होत नाही. आईची फार आठवण झाली की मी तो काढते आणि एकेक बटन ओढून बघते. गच्च आहेत.

आईला जाऊन काही वर्षं झाली. अप्पा आता माझ्याकडे नांदेडला असतात. सकाळी उठून स्वतःचे सदरे स्वतः धुतात, दोरीवर झटकून वाळत घालतात. मी कामावर जाताना त्या दोरीखालून जाते आणि दर वेळी वर बघते. सुरुवातीला मी सुईदोरा हाताशी ठेवला होता. आता ठेवत नाही. इतक्या वर्षांत अप्पांच्या सदऱ्याचं एकही बटन तुटलेलं नाही.